अंगठा दुखतो तेव्हा कोणता पट्टा घ्यावा?

अंगठ्याचे मोल आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको. एकलव्याचा अंगठा का मागितला गेला हे आपण जाणतो. सावकाराच्या कागदावर आपल्या आजोबा-पणजोबांचे अंगठे कसे उठविले गेले, हेही जाणतो. शिक्षणामुळे आपण अंगठ्याऐवजी सही करू लागलो. परंतु भाकरी थापणे, धुणे पिळणे, खराटा धरणे, लेकरू उचलणे ही कामे आजही अंगठ्याच्याच जोरावर चालतात. तो दुखू लागला की घर अडते आणि मोलमजुरी करणाऱ्या भगिनीचा रोज बुडतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

आमच्या विहारातील महिला मंडळाच्या एका बैठकीत तीन भगिनींच्या हाताला सारखाच पट्टा दिसला. तिघींनीही औषधाच्या दुकानातून "हात दुखतो" एवढेच सांगून तो आणला होता. पट्ट्याने मनगट आवळले होते, पण अंगठा मोकळाच होता. दुखत होता अंगठा! मुंग्या येणाऱ्या हातासाठीचा पट्टा अंगठ्याच्या दुखण्याला कसा उपयोगी पडावा? दुखणे कोणते हे ठरल्याशिवाय पट्टा ठरत नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी.

अंगठ्याची नेहमीची दुखणी तीन. पहिले, अंगठ्याच्या बाजूने मनगटावर कळ येते. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वाकविले की ती वाढते. ही अंगठ्याच्या शिरांच्या आवरणाची सूज होय. स्वित्झर्लंडचे सर्जन फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी 1895 साली तिचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. बाळंतिणींना ती बरीच होते, कारण बाळाला बगलेत धरून वारंवार उचलावे लागते. येथे मनगट व अंगठा दोन्ही स्थिर ठेवणारा लांब पट्टा लागतो. खोक्यावर 'थम्ब स्पायका' असे लिहिलेले असते. बाळाला उचलताना तळहात त्याच्या बुडाखाली घालावा, अंगठ्यावर भार घेऊ नये.

दुसरे दुखणे अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याची झीज. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांना, बरणीचे झाकण उघडताना किंवा किल्ली फिरविताना बुडाशी दुखते. येथे आखूड पट्टा पुरतो. त्याने अंगठ्याचे बूड धरले पाहिजे, मनगट व अंगठ्याचे टोक मोकळे राहिले पाहिजे. झीज त्याने भरून येत नाही, पण काम करताना वेदना कमी होते.

तिसरे, अंगठा वाकविला की अडकतो आणि 'कट्' करून सुटतो. मधुमेहींना हा त्रास अधिक होतो. त्यासाठी अंगठा सरळ ठेवणारा लहान पट्टा असतो.

पट्टा घेताना डावा की उजवा ते पाहावे, मनगटाचा घेर मोजावा आणि दुकानातच घालून बघावा. बोटे बधिर झाली, निळसर पडली किंवा सुजली तर तो घट्ट आहे असे समजावे. धुण्याभांड्याचे काम असणाऱ्यांनी जाड कापडी पट्टा ओला ठेवू नये, कातडी खराब होते. कामापूर्वी काढावा, हात कोरडा करून मगच पुन्हा घालावा. रबरी कापडाचा पट्टा मऊ असतो, पण आधार कमी देतो. मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपी विभाग असेल तर तेथे ऊन पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा पट्टा हाताच्या मापाने करून मिळू शकतो. या शास्त्राचे भारतातील पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले.

पट्टा साधारण तीन ते सहा आठवडे वापरावा. दिवसातून एकदोनदा तो काढून अंगठा हळुवार हलवावा, नाहीतर तो आखडतो. तरीही उतार पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. इंजेक्शनने पुष्कळांना गुण येतो. मात्र पडल्यानंतर अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर पट्टा बांधून घरी बसू नये. तेथील लहान हाड मोडलेले असू शकते आणि पहिल्या एक्स-रेत ते कधी कधी दिसतही नाही. ताप, लाली, पू असेल तरी तातडीने दवाखाना गाठावा.

आता बांधवांना एक सांगणे आहे. पट्टा हा विसाव्याचा साथीदार आहे, विसाव्याची जागा तो घेऊ शकत नाही. दिवसभर पट्टा बांधायचा आणि रात्री तो काढून सगळ्या घराचे धुणे पिळायचे, यात बरे कसे व्हावे? कारखान्यात राबणाऱ्या मातेला बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात बाजू मांडली. त्यांचे नाव घेणाऱ्यांच्या घरात दुखत्या हाताच्या माउलीला दीड महिन्याचा विसावा मिळू नये काय? भगवान बुद्धांनी तर आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली होती. आपल्याला कपडे पिळावयाचे आहेत, कणीक मळावयाची आहे, बादली उचलावयाची आहे. मुलांनी आणि त्यांच्या वडिलांनी एवढे केले तरच पट्ट्यासाठी मोडलेला पैसा सत्कारणी लागेल.

जयभीम.