टेकडी उसनी, बाल्कनी आपली

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की हॉल, किचन, वॉर्डरोब सगळ्यांचं प्लॅनिंग होतं आणि बाल्कनी राहते शेवटी. मग रात्री अकरा वाजता लॅपटॉपवर फोटो बघणं सुरू. बालीचं रिसॉर्ट, इटलीतलं अंगण, सिंगापूरची झाडांनी भरलेली भिंत. रविवारी गाडी थेट नर्सरीत आणि डिकीत बारा कुंड्या! दोन महिन्यांनी त्यातल्या पाच जिवंत. फोटोत बाग दिसते हो, पण ती कुठे बसून बघायची, चालताना आधी काय दिसतं आणि नंतर काय, हे त्यात कळत नाही. त्यासाठी बागेतच जायला हवं.

पुणेकरांची ही सोय सिंहगड रस्त्यावरच आहे. पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. साधारण दहा एकरांची ही बाग जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे. एखाद्या शनिवारी ऊन चढायच्या आत जा. मोबाइल खिशात ठेवा आणि एकदा नुसतं हळू चाला.

मूळ कोराकुएनची गोष्टही मजेदार आहे. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने ती १६८७ मध्ये करायला घेतली. इकडे तेव्हा संभाजी महाराज औरंगजेबाशी झुंजत होते. १७०० मध्ये बाग बरीचशी पुरी झाली आणि त्याच वर्षी राजाराम महाराजांनी सिंहगडावर देह ठेवला. बागेच्या नावाचा अर्थ साधारण असा, की आधी काळजी रयतेची, राजाने सुख घ्यायचं ते मागाहून. अर्थात हे नाव मिळालं १८७१ मध्ये, म्हणजे सरदारांची सद्दी संपताना. १८८४ मध्ये बाग सर्वांना खुली झाली. १९३४ चा पूर आणि १९४५ ची बॉम्बफेक, दोन्हींत तिचं मोठं नुकसान झालं. पण जुनी चित्रं आणि नोंदी समोर ठेवून ती पुन्हा उभी केली गेली. आणि सरदाराची बाग असूनही तिच्यात भाताचं खाचर आहे, चहाचा मळा आहे. त्यामुळे कढीपत्ता आणि गवती चहा ‘शोभेचे नाहीत’ म्हणून मागच्या ग्रिलमध्ये टाकणाऱ्यांनी जरा विचार करावा.

पण या बागेतून घरी न्यावी अशी खरी गोष्ट वेगळीच आहे. जपानी माळी तिला ‘शाक्केई’ म्हणतात, म्हणजे उसना देखावा. आपल्या कुंपणाबाहेर जे सुंदर आहे, ते बागेत ओढून घ्यायचं. कोराकुएनमधून नदीपलीकडचा ओकायामाचा काळा किल्ला दिसतो, मागे डोंगर दिसतो. यातलं काहीच बागेच्या मालकीचं नाही, पण झाडं अशी लावली आणि छाटली जातात की नजर आपोआप तिकडे जाते. जणू किल्ला बागेसाठीच बांधलाय! आपल्याकडे पर्वतीची टेकडी अशीच हाताशी आहे.

आता बाल्कनीत या. बहुतेक जण काय करतात? सगळ्या कुंड्या रेलिंगला लावून टाकतात. म्हणजे जे दिसत होतं तेही झाकलं. त्याऐवजी खुर्ची ठेवा, बसा आणि त्या उंचीवरून बघा. समोरच्या सोसायटीतला गुलमोहर, लांबवर टेकडीचा तुकडा, एखादं जुनं कौलारू छप्पर, काहीतरी सापडतंच. ती फट मोकळी सोडा. डिश अँटेना आणि पाण्याच्या टाक्या दिसतात तिथे उंच झाड. कुंती छान, छाटलेली सोसते आणि वासही देते. पु. ल. उद्यानातल्या वळणावळणाच्या वाटेवर हाच खेळ चालू असतो. पुढचं पाणी, पुढचा पूल एकदम दिसत नाही, म्हणून दहा एकरसुद्धा मोठे वाटतात. तुमच्याकडे दहा फूट आहेत, पण एक कुंडी दारासमोर तिरकी ठेवली तरी फरक कळतो.

दगडी कंदील आणि हसरा बुद्ध मात्र कृपया नको. मेपल आणि शेवाळही पुण्याच्या एप्रिलमध्ये टिकवणं म्हणजे छळ आहे, त्यांचा आणि आपलाही. काळा दगड आपल्याकडे मुबलक आहे. अबोली आहे, नेचे आहेत, सावलीत मनी प्लांट आहेच. झाडं बघून निवडायची तर एम्प्रेस गार्डनला चक्कर टाका. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे दरवर्षी पुष्पप्रदर्शन भरतं, तेव्हा तर नक्कीच.

उसन्या देखाव्यात एक धोका मात्र असतो, तो आपल्या हातात नसतो. ओकायामाचा किल्ला १९४५ मध्ये जळला आणि १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा बांधला गेला. मधली वीस वर्षं बाग ज्याच्याकडे बघत होती, ते तिथे नव्हतंच. पुण्यात टेकड्यांवर आणि उतारांवर बांधकाम होऊ द्यायचं की नाही, हा वाद कितीतरी वर्षं चाललाय. तो बहुतेकांना पर्यावरणवाल्यांचा वाटतो. पण तुमच्या बाल्कनीतून टेकडी दिसत असेल, तर तुमच्या बागेचा अर्धा भाग त्या वादात अडकलाय. आणि अजून फ्लॅट बघतच असाल, तर ‘हिल व्ह्यू’चे जादा पैसे मोजण्याआधी समोरच्या मोकळ्या जागेवर विकास आराखड्यात काय दाखवलंय, तेवढं महापालिकेत जाऊन बघून या. सॅम्पल फ्लॅटच्या खिडकीतून ते दिसत नाही.