एका तबकडीपुरते आयुष्य

साठोत्तरी साहित्य शिकवताना आम्ही अनियतकालिकांपाशी हमखास रेंगाळतो. चार-दोन अंक काढून बंद पडलेल्या त्या उपक्रमांवर प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली. मात्र त्याच मुंबईत, जवळपास त्याच काळात, तितक्याच अल्पायुषी ठरलेल्या रॉक वाद्यवृंदांची मराठीत नोंद शोधूनच काढावी लागते. 'ॲटॉमिक फॉरेस्ट' हे त्यांपैकी एक नाव.

कीथ कांगा आणि त्याच्या साथीदारांचा हा गट सत्तरच्या दशकातला. परदेशी गिटार आणि ॲम्प्लिफायर आयातनिर्बंधांमुळे दुर्मीळ. ध्वनिमुद्रिकांचा धंदा चित्रपटसंगीतावर पोसलेला. उरले ते दक्षिण मुंबईतले क्लब आणि महाविद्यालयीन महोत्सव. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट येऊन वाजवून गेले, ही त्या जगातली खरीखुरी दंतकथा. 'ॲटॉमिक फॉरेस्ट'ची एकच तबकडी निघाली, 'ऑब्सेशन ७७'. ती बाजारात आली १९८१ साली, गट पांगल्यावर. त्यातली बहुतेक गाणी परक्यांची. शीर्षकरचना मात्र स्वतःची, आणि आमच्या मते तीच टिकणारी. पुढे २०११ साली 'नाऊ-अगेन' ह्या अमेरिकी कंपनीने ती पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांच्या कानी पडली.

आमच्या बीडच्या वर्गात ह्याविषयी बोलावे, तर समोरून रास्त प्रश्न येतो : ह्यात आपले काय? १९७२ म्हटले की इथल्या घरांत दुष्काळ आठवतो, खडी फोडणारे हात आठवतात. समोर बसलेल्या कित्येकांचे आईवडील आजही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. शिवाय १९७२ हेच 'गोलपिठा'चेही वर्ष. नामदेव ढसाळांचा कामाठीपुरा आणि 'स्लिप डिस्क' ह्यांच्यात अंतर काही किलोमीटरांचेच, पण एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू गेल्याची खूण सापडत नाही.

तरीही 'आपले नाही' म्हणून विषय मिटवणे आम्हांला पटत नाही. ज्यांना आपण आपले म्हणतो, त्या अरुण कोलटकरांनीही ह्याच दशकाच्या आरंभी इंग्रजी गाणी रचली, त्यांना चाली दिल्या, ध्वनिमुद्रणही केले. 'जेजुरी'च्या कवीला गायक व्हावेसे वाटले होते, ही गोष्ट आपली समीक्षा तळटिपेत ढकलते. ऐकण्याला आपल्या वाङ्मयेतिहासात जागाच नाही. जे छापले तेवढेच घडले!

ह्या दोन जगांमध्ये ये-जा करणारा एक माणूस होता : नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा 'वेल्व्हेट फॉग'सारख्या गटात गायला, ॲलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जुडास झाला आणि १९७८ साली पु. ल. देशपांड्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त पाश्चात्त्य ढंगाने मराठी गायला. जब्बार पटेलांच्या त्या प्रयोगात नाट्यपद, लावणी आणि रॉक शेजारी-शेजारी नांदले. मराठीत रॉक गाता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले होते. मात्र त्या वाटेवरून फारसे कोणी पुढे गेले नाही. भेंडे स्वतः १९८२ साली 'डिस्को डान्सर'साठी गायले. २०१४ मध्ये ते निवर्तले.

'तमाशा' आम्ही शिकवतो ब्रेख्त आणि पुलंच्या रूपांतरकौशल्यापुरता. संगीतावर प्रश्न काढायचा, तर तो कोणत्या अभ्यासमंडळाचा, ह्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.