दाताचा पहिला अर्धा तास

नागपूर

प्रिय दादा,


तालुकास्तरीय स्पर्धा तोंडावर आल्यात आणि तू सकाळ-संध्याकाळ पोरांना घेऊन पटांगणावरच असतोस, असं वहिनी म्हणाली. म्हणून हे पत्र. फोनवरचं बोलणं विसरायला होतं; हा कागद मात्र प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवता येईल.

खेळताना एखाद्या पोराचा पक्का दात मुळासकट निखळला, तर तो वाचणार की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. त्या वेळी तिथे दंतवैद्य नसतो, तू असतोस. तुमच्या मोताळ्यातच कुणी भेटलं तर उत्तम; नाही तर राजूर घाट चढून बुलढाणा, नाही तर मलकापूर. गाडीची सोय होईपर्यंतच ती वेळ निघून जाते.

पडलेला दात पाहशील तेव्हा तो वाटतो त्यापेक्षा लांब दिसेल. वरचा भाग पांढरा, चकचकीत. खालचं मूळ पिवळसर, आणि त्यावर ओलसर, पातळ पापुद्रा. सगळा जीव त्या पापुद्र्यात. त्यातल्या पेशी जिवंत असल्या तर दात हाडात पुन्हा धरतो. त्या कोरड्या पडल्या की मरू लागतात. तासभर दात उघडा राहिला तर फारशा उरत नाहीत. आपल्याकडे मात्र माती लागलेला दात नळाखाली घासतात, रुमालाने पुसतात आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवतात. त्यातच तो जातो.

म्हणून दात पांढऱ्या भागाला धरून उचल, मुळाला बोट लावू नकोस. माती असेल तर दुधात नुसता खळबळून घे. पोरगं शुद्धीवर असेल, तर शेजारच्या दाताकडे बघून दाताची बाजू नीट ओळख, हलक्या हाताने खाचेत बसव आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांग. धीर होत नसेल, तर दात गार दुधात बुडवून थेट दवाखाना गाठ. दूध टपरीवरचं चालेल, साखर घातलेलं नको. साध्या पाण्यात ठेवू नकोस, पाण्याने त्या पेशी फुगून फुटतात. दुधाचा दात पडला असेल तर तो मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. आणि पोराला भोवळ, उलटी किंवा गुंगी असेल तर दात बाजूला ठेव, आधी डोक्याची तपासणी. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही चौकशी कर.

पुढचं काम आम्हा दंतवैद्यांचं. दात शेजारच्या दातांना लवचीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतो. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच काळात रूट कॅनल सुरू करतो. उशिरा आलेला दातही बसवतो, पण तो हाडाला चिकटून हळूहळू झिजत जातो. तरी वाढत्या वयात तेवढी वर्षं हाड टिकून राहतं, हेही थोडं नाही. दात न निखळता नुसता तुकडा उडाला असेल तर तोही ओला ठेवून आण, बरेचदा तोच चिकटवता येतो. दात गेलाच, तर इम्प्लांट जबड्याची वाढ संपल्यावरच. तोवर काढता-घालता येणारा दात लावून दिवस काढावे लागतात. बारा वर्षांच्या पोरीला ही वाट फार लांब पडते. ती तोंडावर हात ठेवून हसू लागते आणि घरचे तिचा खेळ बंद करतात. मला याचं सगळ्यात वाईट वाटतं.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधल्या हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मन गोलरक्षकाशी टक्कर होऊन ध्यानचंद यांचा दात पडला, तरी ते मैदानात परतले आणि भारताने ८-१ ने सामना जिंकला, असं सांगतात. २९ ऑगस्टला क्रीडा दिनी ही गोष्ट पोरांना जरूर सांग. पण दात गमावणं ही शौर्याची अट नाही, हेही सांग.

कबड्डीत घोटा पकडायला झेपावलेल्या पोराच्या तोंडावर चढाई करणाऱ्याचा गुडघा बसतो, खो-खोत खांब लागतो, क्रिकेटमध्ये खडबडीत खेळपट्टीवर चेंडू अचानक उसळतो. बॉक्सिंगमध्ये माउथगार्ड सक्तीचा आहे, तसाच आपल्या पोरांनाही घालता येईल. गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचा स्वस्त मिळतो. दंतवैद्याने वरच्या दातांचं माप घेऊन केलेला अधिक चांगला. सैल असला तर ‘कबड्डी कबड्डी’ म्हणताना दम अडकतो आणि पोरं काढून फेकतात, म्हणून मापाचाच हवा. वाढत्या वयात तो दर हंगामाला तपासून बदलावा लागतो. वरचे दात पुढे आलेल्या पोरांना आधी दे, मार त्यांनाच जास्त लागतो.

पालकसभेत हे सगळं सांग. दिवाळीत मोताळ्याला येईन तेव्हा संघातल्या प्रत्येक पोराचं माप मी स्वतः घेईन. तोवर एवढं कर: सामन्याच्या दिवशी झाकणाचा स्वच्छ डबा आणि दुधाची पिशवी सोबत असू दे, आणि जवळच्या दंतवैद्याचा नंबर पेटीच्या झाकणावर आतून चिकटवून ठेव.

वहिनीला नमस्कार, पोरांना शुभेच्छा.

तुझी,
धाकटी