ॲकिलची गायवाट

आपल्याकडे भाचा मामाच्या गावाला जातो. मी मात्र वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर, मामा असूनही, भाच्याच्या गावाला गेलो आणि तेही सायकलवर बसून. मुंबई ते डब्लिन विमानानेच गेलो हे खरे. पण विमानप्रवासात सांगण्यासारखे काही उरलेले नाही. सांगायचे आहे ते सायकलीचे.

माझी धाकटी बहीण तेरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी डब्लिनला गेली आणि तिथलीच झाली. तिचा मुलगा तिथेच जन्मला, आता बारा वर्षांचा आहे. त्याला मराठी समजते. उत्तर मात्र इंग्रजीत येते. साताऱ्याची आमची आई आणि तिचा हा नातू यांचा दर रविवारचा फोन मी अनेकदा ऐकला आहे. "जेवलास का रे?" "हो." "अभ्यास करतोस ना?" "हो, आजी." यानंतर दोघेही एकमेकांकडे बघून नुसते हसत राहतात. मी निघालो तेव्हा लाडवांचा डबा हातात देत आई म्हणाली, "त्याला जरा वाचायला शिकव. साऱ्या जगाच्या पोरांना शिकवतोस!" मराठीवरच ज्याचे पोट चालते अशा माणसाला हे वाक्य कुठे जाऊन लागले, ते सांगायला नको.

डब्लिनला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी अंकलिपी काढली. 'ग गणपतीचा'पर्यंत चिरंजीवांनी दम धरला, मग जांभई दिली. मीही पुस्तक मिटले. वर्गात जांभया पाहण्याची सवय आहे. पण त्या परक्यांच्या असतात.

जूनमधल्या पहिल्या सोमवारी तिकडे सार्वजनिक सुटी असते. शनिवार-रविवार धरून तीन दिवस मिळतात. बहिणीची रुग्णालयात पाळी होती, म्हणून मामा-भाच्यांनीच पश्चिमेला जावे आणि सायकली चालवाव्यात असे ठरले. डब्लिनहून सव्वातीन तासांत आगगाडी वेस्टपोर्टला पोचते. हे मेयो परगण्यातले टुमदार गाव. मधून दगडी काठांची छोटी नदी वाहते आणि तिच्या दोन्ही बाजूंना झाडे आहेत. गावाच्या पाटीवर वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव आणि खाली इंग्रजी. भाच्याने वरचे नाव सहज वाचले, "काहर ना मार्त. म्हणजे गुरांचा कोट." इंग्रजी नावात बंदर आहे, आयरिश नावात गुरे. एकाच गावाला दोन भाषांनी दोन डोळ्यांनी पाहिले होते.

आयरिश शाळांत ही भाषा सर्वांना शिकावी लागते. १९३७ च्या राज्यघटनेने तिला पहिली राजभाषा केले, २००७ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. तरी घरात रोज ती बोलणारे लोक पश्चिमेच्या काही पट्ट्यांतच उरले आहेत. २०२४ साली आपल्या मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या महाविद्यालयातही पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले. दर्जा आणि बोलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वेस्टपोर्टच्या पाटीखाली उभा असताना वाटले; पेढे खाताना वाटले नव्हते.

वेस्टपोर्टपासून ॲकिल बेटाच्या तोंडापर्यंत ४२ किलोमीटरांची सायकलवाट आहे. मोटारीला तिथे मज्जाव. मूळची ही रेल्वेची वाट. १८९४-९५ साली रूळ पडले, १९३७ साली ते कायमचे बंद झाले आणि सत्तरेक वर्षे रानाने ती जागा गिळली. शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीतून जायला परवानगी दिली, म्हणून २०१० आणि २०११ साली ही वाट खुली होऊ शकली. आगगाडीला चढ सोसत नाही. त्यामुळे तिच्या जागेवर केलेली वाट पंचेचाळिशीच्या गुडघ्यांनाही सोसते. सायकली भाड्याने मिळतात, आणि हवे असेल तर दुकानवालेच गाडीतून तुम्हाला ॲकिलला सोडतात. तसे करणेच शहाणपणाचे. कारण वारा बहुधा पश्चिमेचा असतो, आणि ॲकिलहून परत येताना तो पाठीवर बसतो. आम्ही अर्थातच उलटे निघालो. "ॲकिलला जायचं तर ॲकिलकडे जायचं," हा माझा तर्क. वाऱ्याला तर्कशास्त्र येत नाही.

पहिले बारा-तेरा किलोमीटर न्यूपोर्टपर्यंतचे. तिथे तांबड्या दगडाचा सात कमानींचा जुना रेल्वेपूल नदीवर उभा आहे. त्याच्यावरून सायकल नेताना खालचे पाणी, वरचे आभाळ आणि मधले आपण असे तिघेच उरतो. डाव्या हाताला क्ल्यू उपसागर दिसत राहतो. त्यात हिरव्या बेटांची गर्दी. लोक म्हणतात, ३६५ आहेत, वर्षाच्या दर दिवसाला एक. हिमयुगातल्या बर्फाने घडवलेल्या मातीच्या या टेकड्या; समुद्र चढला तेव्हा बुडाल्या आणि माथे तेवढे वर राहिले. पलीकडे क्रोग पॅट्रिकचा सुळका, ७६४ मीटरांचा. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक तो चढतात, काही अनवाणी. वारी माहीत असलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही, आपलेपणा वाटतो.

न्यूपोर्टच्या पुढे खाडीकाठी एक अरुंद चौकोनी बुरूज आहे. तो ग्रॅन्या ओमॅलीचा. ही सोळाव्या शतकातली दर्यावर्दी स्त्री. स्वतःची गलबते बाळगून होती, आणि १५९३ साली इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला समोरासमोर जाऊन भेटली. आपल्या कान्होजी आंग्र्यांच्या आधी शंभरेक वर्षे. मी भाच्याला कान्होजी सांगितले. त्याने विचारले, "ते जिंकले का?" मी म्हणालो, "पुष्कळदा." तो खूश झाला. इतिहास सांगण्याची ही पद्धत विद्यापीठाला पसंत पडणार नाही.

वाट शेतांतून जाते. मध्ये मध्ये गुरांसाठी फाटके आहेत, ती आपण उघडायची आणि आठवणीने लावायची. दोन्हीकडे काळीभोर दलदलीची जमीन. तिच्यातून मातीच्या विटा कापून, वाळवून चुलीत जाळण्याची जुनी चाल. आपल्याकडच्या शेणींसारखे त्यांचे ढीग रचलेले दिसतात. आणि सगळीकडे जांभळा रोडोडेंड्रॉन फुललेला. मी "वा!" म्हटले. भाचा म्हणाला, शाळेत शिकवले आहे की हे परके झाड आहे, बाईसाहेबांच्या बागांतून सुटले आणि इथल्या रानाला खाऊन टाकते आहे. म्हणजे आपली घाणेरीच! माझे "वा!" मी परत घेतले, पण डोळ्यांनी ते काही ऐकले नाही.

पाऊस आला, गेला, पुन्हा आला. त्या पावसाला थेंब नसतात, नुसता ओलावा अंगावरून फिरतो. आणि अशाच ओलाव्यात, मुलरॅनी आठ-नऊ किलोमीटरांवर असताना, माझ्या सायकलचे मागचे चाक बसले. कुंपणाच्या छाटलेल्या काटेरी डहाळीने काम केले होते.

भाच्याने खिशातून फोन काढला. "मामा, दुकानाला फोन करू?"

माझ्या आत कुठेतरी साताऱ्याचा बारा वर्षांचा मुलगा जागा झाला. म्हणालो, "फोन ठेव. इकडे ये."

चाक काढले. टायर लिव्हरने उचकटला, ट्यूब ओढून बाहेर काढली, हवा भरली. साताऱ्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची लोखंडी घमेली असायची. इथे घमेले नव्हते, पण पाण्याला काय तोटा! शेजारच्या चरात ट्यूब बुडवून फिरवली, आणि एका जागेवरून बुडबुड्यांची सरळ माळ वर आली. पोराचे डोळे चकाकले. "तिथे आहे!" ते अगदी स्वच्छ मराठीत आले. दोघांनाही ते कळले नाही. मला रात्री आठवले.

पण दुकानाने दिलेल्या पिशवीतली सोल्युशनची नळी वाळून खडखडीत झाली होती. ठिगळ आहे, पान्हे आहेत, पंप आहे. चिकटवायला काही नाही. माझी शान चराच्या काठावर तशीच बसून राहिली. मग मागून एक सत्तरीचे गृहस्थ सायकलवरून आले, काही न विचारता उतरले, आपल्या थैलीतून ताजी नळी काढून दिली आणि आमचे काम बघत उभे राहिले. ते ॲकिलकडचे. भाच्याला त्यांनी आयरिशमध्ये काहीतरी विचारले. भाचा थबकला आणि आयरिशमध्येच उत्तर देऊ लागला. अडखळत, पण न लाजता.

खरे सांगतो, मला ते आवडले नाही. टायर रिमवर चढवताना अंगठे दुखत होते, पण दुखत होते ते दुसरेच. परक्या म्हाताऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळते, साताऱ्याच्या म्हातारीला "हो, आजी."

त्या गृहस्थांनी मग मला इंग्रजीत विचारले, तुमच्या भाषेत गायीला काय म्हणता? मी म्हटले, गाय, संस्कृतात गो. ते म्हणाले, आमच्यात बो. आणि रस्त्याला बोहर, तोही त्याच गायीवरून. हजार वर्षांपूर्वीच्या एका कोशात म्हटले आहे की एक गाय लांबीने आणि दुसरी आडवी मावली म्हणजे बोहर झाला. मग आकडे निघाले. त्यांचे त्री, आपले तीन. त्यांचे शाख्त, आपले सात. ओख्त आणि आठ. दोन्ही भाषा एकाच दूरच्या घरातून निघालेल्या, हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो; चिखलात बसून प्रथमच ऐकले. भाचा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. "नऊ काय?" त्याने मला विचारले. "नऊ," मी म्हटले. "आणि इकडे नी!" तो ओरडला. पुढची सगळी फाटके त्याने मराठीत मोजली. 'अठरा'ला अडला, तेवढे मी सांगितले.

हवेच्या टायरचा जन्मही या बेटावरचाच, हे सांगायचे राहिले. जॉन बॉइड डनलॉप नावाचा स्कॉटिश पशुवैद्य बेलफास्टला असे. मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर फार हादरते म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकांना बांधली, आणि १८८८ साली पेटंट घेतले. पुढे कळले की टॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉट माणसाने ही युक्ती चाळीसेक वर्षे आधीच नोंदवली होती. डनलॉपचे मूळ पेटंट गेले, नाव मात्र राहिले. मुलासाठी केलेल्या वस्तूचे नाव टिकले, यात वावगे काय?

मुलरॅनीला रात्री दहाला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी उरलेले १३ किलोमीटर संपवून आम्ही पुलावरून ॲकिल बेटावर गेलो. इथे काही ठिकाणी पाट्यांवरून इंग्रजी गळून पडते, नुसती आयरिश उरते. खाडीच्या काठाने किल्डॅव्हनेटच्या जुन्या दफनभूमीपर्यंत गेलो. ती पाहिल्यावाचून या रेल्वेची गोष्ट पुरी होत नाही.

ॲकिलची जमीन पोट भरू शकत नसे. कोकणचा चाकरमानी मुंबईला येई तशी इथली तरुण मुले-मुली दर हंगामात स्कॉटलंडला बटाटे काढायला जात. १४ जून १८९४ रोजी अशीच भरलेली होडी वेस्टपोर्टला आगबोट गाठायला निघाली. आगबोट दिसताच ती बघायला मुले एका बाजूला धावली आणि होडी उलटली. ३२ जण बुडाले. ॲकिलची रेल्वे तेव्हा रीतसर सुरूही झाली नव्हती. तिच्यावरून पहिली गाडी आली ती या प्रेतांची. पुढे सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉक गावी मजुरांच्या निवाऱ्याला आग लागून ॲकिलची दहा मुले गेली. बहुतेकांना अजून मिसरूड फुटायचे होते. त्यांनाही याच रेल्वेने आणले, आणि त्याच सुमारास रेल्वे मिटली. बेटावर एक जुने भाकीत सांगतात, की लोखंडी चाकांच्या गाड्या येतील आणि पहिल्या व शेवटच्या खेपेला प्रेते आणतील. भाकितांवर माझा विश्वास नाही. पण १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्या दिवसाबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना मी ज्या आवाजात बोलताना ऐकले आहे, तो आवाज इथल्या दगडांपाशी मला पुन्हा ऐकू आला. भाच्याने एका दगडावरची वये वाचली आणि हेल्मेट काढून हातात धरले.

दुपारी कील गावी पोचलो. तिथून आठ किलोमीटरांवर कीमचा प्रसिद्ध किनारा. कड्याच्या अंगाने चढणारा अरुंद रस्ता, खाली निळे पाणी, असे सगळे सांगतात. आम्ही तो पाहिला नाही. वारा असा सुटला होता की उभी केलेली सायकल आपोआप आडवी होत होती. भाच्याला जायचे होते. मी नाही म्हटले. तो रुसला, आणि रुसवा चांगला तासभर टिकला. मामाला भाच्याच्या गावातही कधी मामा व्हावे लागते.

रुसवा निघाला तो दुकानात कार्ड घेताना. कार्डावर त्याच न पाहिलेल्या कीमचे चित्र होते. त्याने विचारले, "मामा, आजीला इंग्लिश येत नाही ना?" मी म्हटले, "नाही." मग तो माझ्याकडून एकेक अक्षर कागदावर काढून घेऊन कार्डावर उतरवू लागला. पाऊण तास गेला. शेवटची दोन अक्षरे मला न विचारताच काढली. कार्डावर होते: 'आजी, मी आणी मामाने पंचर काडल.'

माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला होता. तो मी तिथेच ठेवला. आयर्लंडमध्ये टपालपेट्या हिरव्या असतात. काही जुन्या पेट्यांवर इंग्लंडच्या राजाराणीची मोहर अजून आहे, तिच्यावरच हिरवा रंग फासलेला. कीलच्या पेटीपाशी भाचा टाचा उंचावून उभा राहिला, कार्ड आत सोडले आणि ते पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून थांबला.

"किती दिवस लागतील?" त्याने विचारले. मराठीत.

"पंधरा-वीस," मी म्हटले.

"म्हणजे आपण फोनवर सांगायचं नाही हं," तो म्हणाला.