खेळण्यातला आवाज

देगलूरहून आई कायमची हैदराबादला आमच्याकडे आली, तेव्हा तिची नजर बरीच अधू झाली होती. मोबाईलच्या गुळगुळीत काचेवर बोट नेमके पडेना. दादांच्या भजनांच्या कॅसेट माझ्या मुलाने संगणकावर उतरवून ठेवल्या होत्या. पण दर वेळी "लावून दे ना रे" म्हणताना तिला संकोच वाटे.

कपाटात मुलाचा जुना पीएसपी पडून होता. सोनीने २००४ साली जपानात आणलेले, हातात धरून खेळायचे यंत्र. त्यावर गाणीही वाजतात, हे मला ठाऊकच नव्हते. अडचण होती जागेची. सोबतचे कार्ड अवघे ३२ एमबीचे; जेमतेम सात-आठ भजने मावतील एवढे. मोबाईलचे कार्ड तर त्यात बसतच नाही.

मुलगा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेला आणि एक अडॅप्टर घेऊन आला. त्याच्या पोटात मोबाईलचे ८ जीबीचे इवले कार्ड बसले. दादांची सगळी भजने त्यात भरली. कोणते बटण किती वेळा दाबायचे, हे त्याने आजीला मोजून शिकवले.

तिने चाचपत बटण दाबले. दादांचा आवाज आला.

"घसा बसलाय बघ यांचा. वारीहून आले तेव्हाचं आहे हे," ती म्हणाली.

आई गेल्या वर्षी गेली. यंत्र मी अजून चार्ज करून ठेवते. त्याचे एक बटण पार झिजले आहे. ते खेळून झिजलेले नाही.