शब्दाचे वजन

शाळेत असताना समासाचा विग्रह करण्यात माझा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. पुढे उतारवयात मुलाकडे युट्रेक्टला राहावयास गेलो व डच भाषा शिकू लागलो, तेव्हा हे जुने भांडवल कामी येईल असे मला वाटले. कारण समास करण्यात डच मनुष्य संस्कृत पंडिताच्या तोडीचा आहे. दोनतीन शब्द तो खुशाल एकत्र जोडतो. सांधा वाचणाऱ्याने हुडकावा. ‘डेइक्राम्प’ हाच शब्द घ्या. ‘डेइक’ आणि ‘राम्प’ असा तोडला, तर समुद्राचा बांध फुटून ओढवलेला अनर्थ. ‘डेइ’ आणि ‘क्राम्प’ असा तोडला, तर मांडीत आलेला पेटका! १९५३ साली असे बांध फुटून त्या देशात १,८३६ माणसे दगावली हे कळले, तेव्हापासून मात्र या कोटीचे मला हसू येत नाही.

शब्द तोडणे हळूहळू जमले. आघात काही जमेना. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा पालटत नाही, म्हणून आपला कान त्या बाबतीत बेसावध असतो. पत्नीच्या शस्त्रक्रियेनंतर तिला घरी धाडताना परिचारिका तापाविषयी काही बोलली. त्यातला ‘फोरकोमेन’ हा शब्द मी टिपला. त्याचा ‘टाळणे’ हा एकच अर्थ तोवर मला ठाऊक होता. रात्री पत्नीला ताप भरला. जो टाळता आला असता तो आपल्या हयगयीने आला, या विचाराने पहाटेपर्यंत मी तिच्या कपाळावरच्या घड्या बदलीत बसलो.

सकाळी शेजारच्या वृद्ध बाईंनी माझी हकीकत ऐकली आणि टेबलावर बोटाने ठोके देऊन दाखविले. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘फोरकोमेन’ म्हणजे उद्भवणे; दुसऱ्यावर दिला तर टाळणे. लिहिताना दोन्ही सारखेच. घोटाळा होऊ नये म्हणून फार तर स्वरावर एक तिरकी रेघ देतात. ताप येण्याचा संभव आहे, एवढेच परिचारिकेने सांगितले होते!

दोन दिवसांनी ताप उतरल्यावर मी पत्नीला हे सारे सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे रात्रभर उगीचच जागलात तुम्ही!”

त्या वाक्यात तिचा जोर कोठे होता, हे समजावयाला मला शेजारणीची गरज पडली नाही.