कोणाचं शरीर ‘देणगी’, कोणाचं ‘गुन्हा’?

नागसेनवनात आरक्षणावर वाद झाला, की ‘शर्यत समान हवी’ हे आम्हाला हमखास ऐकवलं जातं. मग शर्यतीचंच बोलू. मायकेल फेल्प्सचे लांब हात निसर्गाची देणगी ठरतात. पण वीटभट्टी मजुरांची दलित लेक शांती सौंदराजन हिने २००६ मध्ये दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये जिंकलेलं रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेतलं गेलं. शरीराने साथ दिली तरी न्याय मिळतोच असं नाही. डावखुऱ्या पालवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळालं नाही. महिला गटाला नियम हवेत, हे मान्य. पण ते ठरवतो कोण आणि संशय घेतला जातो कोणावर, हे आम्ही विचारणारच. जय भीम!